स्क्रिप्टला वाई सापडते, कऱ्हाड सापडत नाही

बारववेडी (धागाकर्ती)

मंडळी, शेल स्क्रिप्टिंग मला कामापुरतंच येतं, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

आमचा भटक्यांचा एक गट आहे. गावोगावच्या बारवा आणि वीरगळांचे फोटो काढायचे आणि एका सामायिक डिस्कवर टाकायचे, एवढंच काम. फाइलचं नाव गावावरून, म्हणजे वाई_बारव_०१.जेपीजी असं. कुणी विंडोजवरून टाकतं, कुणी मॅकवरून, कुणी थेट फोनवरून. डिस्क माझ्या उबुंटूला जोडलेली असते. एका गावाचे सगळे फोटो बाजूला काढायला ही स्क्रिप्ट लिहिली. (इथल्या नियमाप्रमाणे कोड देवनागरीत उतरवलाय, मूळ अर्थातच रोमन.)

#!/बिन/बॅश
कुठून=$१
नमुना=$२
कुठे=$३
फाइंड $कुठून -नेम $नमुना | व्हाइल रीड फ
डू
    सीपी $फ $कुठे
डन
एको "झालं"

चालवते अशी:

./शोध.एसएच /डिस्क/फोटो वाई* /घर/बाहेर

घरच्या फोल्डरमधून चालवली की वाईचे सगळे फोटो येतात. फोटोंच्याच फोल्डरमध्ये उभं राहून चालवली की "झालं" म्हणते, पण बाहेरचं फोल्डर रिकामं. 'वडगाव बुद्रुक*' दिलं, तेही अवतरणात, तर "फाइंड: पाथ्स मस्ट प्रिसीड एक्सप्रेशन: बुद्रुक*" अशी ओरड. आणि काही गावांचं तर निम्मंच काहीतरी येतं, एरर वगैरे काही नाही. स्क्रिप्ट तीच, डिस्क तीच. काय चाललंय?


आयटीतला_आळशी

विंडोजवर एव्हरीथिंग (फाइली शोधायचं सॉफ्टवेअर) टाका, नाव टाइप करा, संपलं. कशाला स्वतःला त्रास.


टर्मिनलकाका

आळशीबुवा, त्यांनी विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय.

ताई, या एकाहून जास्त भानगडी आहेत, एकत्र सोडवायला जाऊ नका. नमुन्याला काय झालं असेल याचा तर्कही आत्ता करू नका. स्क्रिप्टच्या दुसऱ्या ओळीत हे घाला आणि फोटोंच्या फोल्डरमधून पुन्हा चालवा. त्याखाली तूर्त "एक्झिट" लिहा, म्हणजे पुढचं काही चालणार नाही:

प्रिंटएफ '<%एस>\एन' "$@"

स्क्रिप्टच्या हातात नेमकं काय पडलं ते एकेका ओळीवर दिसेल. ते कोनी कंस मुद्दाम ठेवलेत, नाहीतर शेवटची रिकामी जागा दिसत नाही.


बारववेडी

काका, हे आलं:

</डिस्क/फोटो>
<वाई_बारव_०१.जेपीजी>
<वाई_बारव_०२.जेपीजी>
<वाई_बारव_०३.जेपीजी>
<वाई_वीरगळ.जेपीजी>
</घर/बाहेर>

मी तर तीनच गोष्टी दिल्या होत्या! तारा (*) कुठे गेला?


कंसात_शंका

थांबा थांबा. हे बघून पोटात गोळा आला.

तारा बॅशने, म्हणजे तुमच्या शेलने, स्वतःच उलगडला. वाई* हा शब्द स्क्रिप्टपर्यंत पोचतच नाही. ज्या फोल्डरमध्ये तुम्ही उभ्या आहात तिथे वाईने सुरू होणाऱ्या फाइली असतील तर शेल त्यांची नावं आणून ठेवतं आणि मग स्क्रिप्टला हाक मारतं. घरच्या फोल्डरमध्ये तशी फाइल एकही नाही, म्हणून बॅश तारा तसाच पुढे सरकवतं आणि सगळं नीट चाललंय असं वाटतं.

आता वरची यादी पुन्हा वाचा. $२ म्हणजे वाई_बारव_०१. आणि $३ म्हणजे /घर/बाहेर नव्हे, $३ म्हणजे वाई_बारव_०२! फाइंडला ०१ सापडली, सीपीने ती इमानेइतबारे ०२ वर नेऊन ओतली. उरलेल्या नावांकडे स्क्रिप्टने ढुंकूनही पाहिलं नाही. कृपया ०२ उघडून बघा.


बारववेडी

अरे देवा. ०२ मध्ये ०१ चाच फोटो आहे. बाइट न् बाइट सारखा.


टर्मिनलकाका

शंकाराव, भले शाबास. मला फक्त रिकाम्या फोल्डरचं कारण दिसलं होतं, हे नव्हतं दिसलं.

ताई, ज्याने तो फोटो काढला त्याच्याकडे मूळ असेल, तो मागवून घ्या. आणि आणखी कुठल्या गावांसाठी स्क्रिप्ट फोटोंच्या फोल्डरमधून चालवली होती ते आठवून त्यांचे दुसऱ्या नंबरचे फोटो तपासा. तोवर डिस्क फक्त वाचण्यापुरती माउंट करा.

आता उपाय. बाहेर, म्हणजे हाक मारताना, नमुना एकेरी अवतरणात: 'वाई*'. एवढ्यावर बहुतेक लोक थांबतात आणि तिथेच फसतात, कारण आत तुम्ही -नेम $नमुना असं उघडं लिहिलंय. आत आल्यावर त्याचा पुन्हा उलगडा होतो. शिवाय उघड्या व्हेरिएबलचे मोकळ्या जागेवर तुकडे पडतात. वडगाव बुद्रुकची ओरड त्यातलीच: -नेमला मिळालं "वडगाव", आणि "बुद्रुक*" हा कुठला तरी मार्ग असावा असं फाइंडला वाटलं. नव्या जीएनयू फाइंडमध्ये त्या एररखाली नमुना अवतरणात नाही का, अशी विचारणाही येते. म्हणून बाहेर एकेरी, आत दुहेरी:

फाइंड "$कुठून" -टाइप एफ -नेम "$नमुना" -एक्झेक सीपी -एन -- {} "$कुठे/" \;

व्हाइल-रीडची भानगडच काढून टाकली. तुमच्या लूपमध्ये $फ उघडा होता, म्हणजे नावात मोकळी जागा असलेला एकही फोटो नीट कॉपी झाला नसता. $कुठे नंतरची तिरकी रेघ विसरू नका: ते फोल्डर नसून चुकून फाइल निघाली तर सीपी तिथेच नकार देतो, वर ओतत नाही. -एन म्हणजे आधीपासून असलेल्या फाइलला हात लावायचा नाही. त्याची दुसरी बाजू अशी की दोन उपफोल्डरांत एकाच नावाचा फोटो असेल तर दुसरा गपचूप राहून जाईल. तुमच्याकडे तसं होत असेल तर सांगा.


मॅकवाली

मॅकवर हीच गंमत वेगळी दिसते. कॅटलिनापासून (२०१९) तिथे मूळ शेल झेडशेल आहे. काहीच जुळलं नाही तर तो तारा पुढे पाठवत नाही, "नो मॅचेस फाउंड" म्हणून कमांडच चालवत नाही. त्यामुळे उबुंटूवर चाललेली ओळ माझ्याकडे चालली नाही की लोक मॅकला नावं ठेवतात. जुळल्यावर मात्र उलगडा तसाच, म्हणजे ०२ माझ्याकडेही गेलाच असता.


नवशिका_८

धागा थोडा हायजॅक करतो, माफी. वरची ओळ नोटपॅडमध्ये लिहून सर्व्हरवर टाकली तर "बॅश^एम: बॅड इंटरप्रिटर" येतंय. फाइल तर तिथेच आहे!


कंसात_शंका

ओळीच्या शेवटी विंडोजची दोन चिन्हं लागलीत, त्यातलं एक इंटरप्रिटरच्या नावाला चिकटलं. सर्व्हरवर डॉसटूयुनिक्स चालवा, तो ओळींचे शेवट युनिक्सच्या पद्धतीचे करतो. २०१८ नंतरचं नोटपॅड युनिक्सच्या ओळी वाचतं, पण नवी फाइल तुम्ही काही बदललं नाही तर आपल्याच पद्धतीने लिहितं. पुढचं नव्या धाग्यात विचारा.


बारववेडी

काका, चाललं! वडगाव बुद्रुकसुद्धा आलं, कुठल्याही फोल्डरमधून. खराब झालेले फोटोही सापडले, मूळ मालकांना कळवलंय.

पण निम्मं येण्याची तक्रार तशीच. 'कऱ्हाड*' दिलं तर मोजकेच फोटो येतात. फाइल मॅनेजरमध्ये फोल्डर उघडलं की कऱ्हाडचे ढीगभर डोळ्यांसमोर दिसताहेत! गोऱ्हे बुद्रुक, कुऱ्हे पानाचे, बऱ्हाणपूर यांचंही तेच. वाई, सासवड, लोणार, पैठण एकदम व्यवस्थित. परमिशन तपासल्या, सगळ्या सारख्या.


टर्मिनलकाका

"झालं"वर विश्वास ठेवू नका हे आधी सांगतो. फाइंडला एकही फाइल सापडली नाही तरी तो यशस्वी झाल्याचाच कोड देतो, न सापडणं ही त्याच्या लेखी चूक नाही.

बाकी मला आत्ता कळत नाहीये. नावाच्या आधी मोकळी जागा असेल का?


नीरेकाठी

मी तांत्रिक नाही, नुसती वाचत होते. पण न मिळणाऱ्या सगळ्या गावांत ऱ्ह आहे, हे कुणाच्या लक्षात आलं का?


कंसात_शंका

नीरेकाठी, तुम्ही तांत्रिक नाही म्हणे! यापुढे असं म्हणू नका.

बारववेडी, एक काम करा. न सापडणाऱ्या एका फाइलचं नाव आणि तुम्ही टाइप केलेला नमुना, दोन्ही बाइटमध्ये बघा:

प्रिंटएफ '%एस' 'कऱ्हाड' | ओडी -एएन -टीएक्स१

फाइलच्या नावासाठी स्वतः टाइप करू नका! टाइप केलंत तर तुमचाच कीबोर्ड पुन्हा मध्ये येईल. फोल्डरमध्ये जाऊन, ज्यात फक्त ती एकच फाइल येईल असा तारा द्या, 'प्रिंटएफ' त्याचं नाव जसंच्या तसं पुढे देईल.

शिवाय -नेम 'कर*' असं साध्या र ने शोधून बघा.


बारववेडी

हे काय आहे नेमकं?! 'कर*' ला हरवलेले कऱ्हाड मिळाले! (आणि करमाळा, आणि कुणीतरी कराड असं लिहिलेलेही.) पण 'कऱ्हाड*' ला जे आधी मिळत होते ते यात नाहीत.

बाइट, ह पर्यंतचे. ओळी मी पाडल्यात:

मी टाइप केलेलं: ई० ए४ ९५ / ई० ए४ बी१ / ई० ए५ ८डी / ई० ए४ बी९
एक हरवलेली फाइल: ई० ए४ ९५ / ई० ए४ बी० / ई० ए४ बीसी / ई० ए५ ८डी / ई० ए४ बी९
दुसरी हरवलेली: ई० ए४ ९५ / ई० ए४ बी० / ई० ए५ ८डी / ई२ ८० ८डी / ई० ए४ बी९

स्क्रीनवर तिन्ही हुबेहूब कऱ्हाड.


कंसात_शंका

आता मजा आली. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, म्हणून तीन-तीनच्या गटाने वाचा.

पहिल्यात क, मग ऱ हे एकसंध अक्षर (युनिकोड ०९३१), मग हलन्त, मग ह. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर जे च्या कळीवर र आहे आणि शिफ्टबरोबर ऱ, तेच हे.

दुसऱ्यात क, साधा र, त्याखाली नुक्ता (०९३सी), मग हलन्त. युनिकोडच्या दृष्टीने ऱ आणि र अधिक नुक्ता हे समान आहेत. जोडलेल्या रूपाला एनएफसी म्हणतात, सुट्ट्या रूपाला एनएफडी. हे फोटो बहुधा जुन्या मॅकवरून आले असणार. एचएफएस प्लस ही त्यांची जुनी फाइल प्रणाली नाव साठवतानाच सुटं करायची. २०१७ पासून एपीएफएस आली, ती नाव दिलंय तसं ठेवते आणि शोधताना दोन्ही रूपं एकच मानते. त्यामुळे मॅकवर बसलेल्या माणसाला हा घोळ कधी दिसणारच नाही. लिनक्सची ईएक्सटी४ मात्र नाव म्हणजे नुसते बाइट समजते. बाइट वेगळे तर फाइल वेगळी, एका फोल्डरमध्ये दोन्ही "कऱ्हाड" शेजारी शेजारी नांदू शकतात.

तिसऱ्यात क, साधा र, हलन्त, आणि मग ई२ ८० ८डी हा न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक (२००डी). चंद्रकोरीसारखा र मिळवायची ही जुनी रीत, युनिकोड २.० च्या काळातली. सुसंगतीसाठी ती अजून चालते आणि काही कीबोर्ड अजून तशीच लिहितात. गोम अशी की एनएफसी केलं तरी ही तिसरी रीत पहिलीत मिसळत नाही. ती हातानेच सांभाळावी लागते.


मॅकवाली

पुष्टी: माझ्या जुन्या आयमॅकच्या डिस्कवर "दुसऱ्या दिवशी" नावाचं फोल्डर आहे. ती डिस्क लिनक्सला जोडून बघितली, र आणि नुक्ता सुटे. मॅकवरून आरसिंकने (फाइली कॉपी करायची कमांड) पाठवत असाल तर --आयकॉन्व्ह=यूटीएफ-८-मॅक,यूटीएफ-८ हा पर्याय द्या, वाटेतच जोडून जातं. तो मॅकच्या बाजूनेच द्यायचा, यूटीएफ-८-मॅक हे नाव लिनक्सला माहीत नसतं. गिटवाल्यांसाठी कोअर.प्रिकंपोजयुनिकोड आहे.


आयटीतला_आळशी

मग सरळ सगळ्यांची नावं बदलून टाका ना. त्यासाठी कमांड आहेच: कॉन्व्हएमव्ही -एफ यूटीएफ८ -टी यूटीएफ८ --एनएफसी -आर. एकदाच त्रास.


टर्मिनलकाका

आळशीबुवा या वेळी मुद्द्याचं बोलले. कॉन्व्हएमव्ही आपणहून काही बदलत नाही, आधी काय बदलेल ते नुसतं दाखवतो. --नोटेस्ट दिलं तरच खरं बदलतो. यादी वाचूनच पुढे जा.


नीरेकाठी

पण फोटो तर सगळ्यांचे आहेत. कुणी आपल्या वहीत, कुणी एक्सेलमध्ये ती नावं जपून ठेवली असतील. परस्पर बदलली की त्यांचं शोधणं मोडेल. मला हे बरं वाटत नाही.


कंसात_शंका

मलाही. नावं बदलण्यात आणखी एक धोका: जोडक असलेली नावं कॉन्व्हएमव्ही सोडून देणार, म्हणजे त्यासाठी पुन्हा स्वतःचं काही लिहायचं. पायथनमध्ये लिहिलंत आणि दोन नावं बदलून एकच झाली, तर युनिक्सवरचं ओएस.रिनेम जुनी फाइल न विचारता गिळतं. वाई ०२ ची पुनरावृत्ती.

माझं मत: डिस्कला हात लावू नका, तुलना करताना दोन्ही बाजू एका रूपात आणा. फाइंडला हे जमत नाही, तेव्हा इथे शेल सोडून पायथन. गाभा एवढाच:

डेफ सारखं(स):
    स = युनिकोडडेटा.नॉर्मलाइझ('एनएफसी', स)
    रिटर्न स.रिप्लेस('र्\यू२००डी', 'ऱ्')

मग ओएस.वॉकने प्रत्येक नाव घ्यायचं आणि एफएनमॅचकेस(सारखं(नाव), सारखं(नमुना)) खरं निघालं तर कॉपी. कॉपी करण्याआधी ठिकाण फोल्डरच आहे ना आणि तिथे त्या नावाची फाइल आधीच नाही ना, हे दोन्ही तपासा.

रिप्लेसमध्ये फक्त र-हलन्त-जोडक हा क्रम धरलाय. सगळेच जोडक पुसू नका, क्‍ष सुटा दाखवायला वगैरे लोक ते मुद्दाम घालतात.


बिनओळखीचा

अवांतर: ॲ चीही हीच कथा. ॲ (०९७२) युनिकोडमध्ये आला २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. त्याआधीचे लोक अ वर चंद्र चढवून भागवायचे. दिसायला सारखं, पण युनिकोड त्यांना समान मानत नाही, म्हणजे एनएफसी इथेही हात वर करतं. "ॲल्बम" नावाचं फोल्डर असेल तर त्या रिप्लेसच्या खाली आणखी एक रिप्लेस लावा.


बारववेडी

आहे ना, ॲल्बम आहे. लावलं.

शंकाराव, पायथनने कऱ्हाडचे सगळे आले, गोऱ्हे, कुऱ्हे, बऱ्हाणपूर सगळे. पायथन येईपर्यंत मी 'क*हाड*' असं मधे तारा घालून काम चालवत होते, तेही बऱ्यापैकी चालतं, ज्यांना पायथन नको त्यांच्यासाठी सांगते. (एक कल्हाड नावाची फाइल आली, ती कुणाची टंकनचूक निघाली.)

आता उरलं कराड. ते खरंच वेगळं लिहिलंय, त्याला युनिकोड काय करणार.


कृष्णाकाठ

आमच्याकडे पाट्यांवर दोन्ही दिसतं, कराड आणि कऱ्हाड. दोन्ही शोधा, भांडण नको.


बारववेडी

फाइंडमध्ये दोन नमुने द्यायला -ओ वापरून पाहिलं होतं, पण -नेम 'कऱ्हाड*' -ओ -नेम 'कराड*' -एक्झेक ... असं दिल्यावर फक्त कराडचेच कॉपी झाले?


टर्मिनलकाका

कारण -एक्झेक शेवटच्या -नेमलाच चिकटलं. फाइंडमध्ये शेजारी शेजारी लिहिलेल्या अटी "आणि"ने जोडल्या जातात, आणि "आणि"चा जोर "किंवा"पेक्षा जास्त. दोन्ही -नेम \( आणि \) मध्ये बंद करा, कंसाआधी आणि नंतर मोकळी जागा सोडून.

पण तुम्ही आता पायथनवर आहात तर त्याहून बरं सुचवतो. आर्ग्युमेंटांचा क्रम बदला. कुठून, मग कुठे, आणि त्यानंतर हवे तितके नमुने:

./शोध.पीवाय /डिस्क/फोटो /घर/बाहेर 'कऱ्हाड*' 'कराड*'

एकाहून जास्त नावं चालतातच, शिवाय गटातल्या कुणी अवतरण द्यायला विसरलं आणि शेलने तारा उलगडला, तरी उलगडलेली नावं शेपटीला नमुन्यांच्या जागीच पडतील. उपफोल्डरांतले फोटो कदाचित राहून जातील, पण ठिकाणाच्या जागी कुणाचा फोटो येऊन बसणार नाही.


बारववेडी

हे फारच आवडलं. क्रम बदलला, आणि नमुना एकही दिला नाही तर वापर कसा करायचा ते छापून बाहेर पडते असंही केलं. रात्री पूर्ण स्क्रिप्ट इथेच प्रतिसादात डकवते.


नवशिका_८

डकवाल तेव्हा ओळींच्या शेवटाकडे लक्ष ठेवा ;)